आमच्या गावाचं आधीचं नाव काय? विदर्भातल्या गावनावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न असो की तेरवी, पंगत उठली की पानाच्या तबकाभोवती एक विषय हमखास निघतो: 'आपल्या गावाचं खरं नाव वेगळंच होतं म्हणतात.' मग कोणी ऋषी काढतो, कोणी राजा, कोणी इंग्रज साहेब. अशा बैठकींत आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

गावाचं 'मूळ नाव' म्हणजे नेमकं कोणतं?

आधी सांगा, कोणत्या सालातलं? वाशीमचंच घ्या. १९३९ मध्ये तिथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्यात गावाचं नाव आहे वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. जुना संस्कृत-प्राकृत कवी राजशेखर याने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्नच विदर्भातल्या वत्सगुल्मात लावून दिलं आहे. त्याच राजशेखराच्या प्राकृत नाटकात, 'कर्पूरमंजरी'त, हे नाव 'वच्छोम' असं बोललं जातं. वत्सगुल्म, वच्छोम, वाशीम. इंग्रजांच्या कागदात त्याचं 'बासीम' झालं, आणि १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला तो 'वाशीम' या नावाने.

यात मूळ कोणतं आणि बिघडलेलं कोणतं? मला विचाराल तर हे सगळं एकच नाव आहे. दीड हजार वर्षं लोकांच्या तोंडी राहून ते झिजलं एवढंच. कोणी बसून बदललेलं नाही. विदर्भातल्या बहुतेक जुन्या गावांची गोष्ट अशीच आहे. ठरवून बदललेली नावं मोजकी, आणि ती बहुतेक गेल्या शे-सव्वाशे वर्षांतली.

अचलपूर खरं की एलिचपूर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर लांब आहे, पण मजेचं आहे.

लोकांत प्रसिद्ध कथा ईल राजाची. ईल नावाच्या जैन राजाने हे गाव वसवलं, म्हणून ईलचपूर, पुढे एलिचपूर. इंग्रजी गॅझेटियरांनी ही कथा छापली, त्यामुळे ती पक्की होऊन बसली. पण त्याआधीचा एक भक्कम पुरावा आहे. बाराव्या शतकातला जैन पंडित हेमचंद्र याने प्राकृत भाषेचं व्याकरण लिहिलं. त्यात एक सूत्र खास या गावासाठी आहे: अचलपूर या शब्दात 'च' आणि 'ल' जागा बदलतात आणि 'अलचपूर' होतं. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वीच लोक हे नाव उलटं उच्चारत होते आणि दूर गुजरातेत बसलेल्या पंडिताला त्याची नोंद घ्यावी लागली!

आपल्याकडे आजही 'नुकसान'चं 'नुसकान' होतंच की. 'यंदा पराटीचं (कापसाचं) लय नुसकान झालं' हे वऱ्हाडात कोणत्याही बांधावर ऐकू येतं. जीभ तीच, खोडही तीच.

पुढे महानुभावांच्या लीळाचरित्रात हे गाव 'अळजपूर' म्हणून येतं. मग मुसलमानी अमदानीत आणि इंग्रजी कागदांत 'एलिचपूर'. स्वातंत्र्यानंतर पुन्हा 'अचलपूर'. म्हणजे सरकारने जे नाव दिलं ते सर्वांत जुनंच होतं. अशी नशीबवान गावं थोडी. ईल राजाची कथा मात्र घरात सांगायला ठेवा. नावाचा उगम म्हणून ती टिकत नाही.

चंद्रपूरला म्हातारी माणसं अजून 'चांदा' का म्हणतात?

कारण १९६४ च्या सुमारापर्यंत सरकारी नावही चांदाच होतं. जिल्हा चांदा, तहसील चांदा. म्हाताऱ्यांचं कशाला, गडचिरोलीकडच्या एस.टी.त तरुण पोरगाही 'चांद्याले चाल्लो' असंच म्हणतो.

खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाची, झरपट नदीच्या पाण्याने त्याच्या अंगावरच्या गाठी बऱ्या झाल्याची आणि कुत्र्यावर उलटलेल्या सशाची कथा इथे पोरासोरांना पाठ असते. गोंड राजांनी परकोट बांधून शहर उभं केलं, हा भाग इतिहासाचा, ससा लोककथेचा.

रेल्वेने आणि जुन्या खात्यांनी मात्र नाव सोडलेलं नाही. 'चांदा फोर्ट' हे स्टेशन आहे. भद्रावतीजवळची आयुध निर्माणी अजून 'चांदा'च आहे. आणि भद्रावती गावाच्या स्टेशनवर उतरलात तर पाटी दिसेल 'भांदक'. बल्लारपूरच्या स्टेशनवर 'बल्हारशाह'. जुनं नाव शोधायचं असेल तर आधी स्टेशनची पाटी वाचावी, हा माझा सल्ला.

सेवाग्राम हे नाव गांधीजींनी का दिलं?

टपालाच्या घोळामुळे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला गेले त्याचं नाव होतं सेगाव. कागदावर ते शेगावसारखंच दिसे. आणि बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव, स्टेशन असलेलं, मोठं, प्रसिद्ध. पत्रं आणि तारा तिकडे जायच्या. शेवटी १९४० मध्ये वर्ध्याकडच्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. या बदलामागे देशाभिमान, पुराण असं काही नव्हतं. पत्रं वेळेवर यावीत एवढंच होतं. नाव मात्र असं चपखल बसलं की त्या गावाला आज कोणी दुसऱ्या नावाने ओळखत नाही.

जाता जाता, खुद्द वर्धा शहराचं आधीचं नाव पालकवाडी. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. त्याचं ठाणं आधी पुलगावजवळ कवठ्याला होतं आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी नवं शहर आखून तिकडे नेलं. नाव नदीचं दिलं. पुलगावचं नाव तर वर्धा नदीवरच्या रेल्वेपुलाचं.

यवतमाळ आणि 'उमरावती'?

यवतमाळचं जुनं नाव यवत किंवा यवता. मोगलांच्या काळात महसुलाच्या परगण्याला 'महाल' म्हणत. तो शेपटासारखा नावाला जोडला गेला आणि झिजून 'माळ' झाला, असं गॅझेटियर सांगतं. अकबराच्या काळच्या आइन-ए-अकबरीत यवत आणि शेजारचं लोहारा ही नावं जोडीने येतात. आज लोहारा यवतमाळलाच चिकटलं आहे. इंग्रजी स्पेलिंगमुळे जुन्या कागदांत 'येवतमाल' सापडेल. आणखी एक: हा जिल्हा आधी वणीच्या नावाने होता. १९०५ पर्यंतच्या इंग्रजी कागदांत 'वून जिल्हा' दिसला तर गोंधळू नका, ती आपली वणीच.

अमरावतीचं उंबरावती, मग उमरावती, मग अमरावती. उंबराची झाडं म्हणून हे नाव, ही परंपरा पटण्यासारखी आहे. इंद्राची अमरावती नंतर कोणीतरी वर चढवली. एकोणिसाव्या शतकात इथला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' या नावानेच विकला जायचा. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने इंग्लंड पाहिलं नसेल, पण त्याच्या गावाचं तोडकंमोडकं नाव तिथल्या दलालांच्या तोंडी होतं.

गावाच्या नावापुढे दुसरं नाव का असतं? चांदूर रेल्वे, कारंजा घाडगे वगैरे.

एकाच नावाची ढीगभर गावं असल्याने. अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर 'चांदूर, चांदूर' असा पुकारा झाला की नवखा माणूस घाईत चढतो. मग कंडक्टर तिकीट फाडताना विचारतो, 'रेल्वे का बाजार?' चांदूर रेल्वे एकीकडे, चांदूर बाजार दुसरीकडे. चुकलात तर अर्धा दिवस गेला. पाटीवर 'चांदूर रे.' आणि 'चांदूर बा.' एवढंच लिहिलेलं असतं. बुलढाण्यात चांदूर बिस्वा आहे ते वेगळंच.

या दुसऱ्या नावांत त्या त्या गावाचा इतिहास लपलेला असतो. कारंजा लाड हे लाड समाजावरून आणि कारंजा घाडगे हे घाडगे घराण्यावरून. पहिलं वाशीम जिल्ह्यात, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान; दुसरं वर्धा जिल्ह्यात. मंगरूळपीर पिराच्या दर्ग्यामुळे, आणि मंगरूळ दस्तगीर अमरावतीकडचं. सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा ही जाधवांची. जळगाव जामोदमधलं जामोद हे शेजारचं गाव, खानदेशातल्या जळगावाशी गल्लत होऊ नये म्हणून जोडलेलं. अंजनगाव सुर्जीमध्येही तोच प्रकार. १८०३ मध्ये शिंदे आणि इंग्रज यांचा जो तह झाला त्याला इतिहासाच्या पुस्तकात 'सुर्जी-अंजनगावचा तह' म्हणतात. आपण अंजनगाव आधी म्हणतो, एवढाच फरक.

बु. आणि खु. म्हणजे काय?

बुद्रुक आणि खुर्द. दोन्ही फारसी: बुजुर्ग म्हणजे मोठा, खुर्द म्हणजे लहान. एका गावाचे दोन भाग झाले की महसुली कागदात थोरलं-धाकटं असं नोंदवायचे. तेव्हाचं थोरलं आजही मोठं असेल असं नाही. रस्ता, शाळा, बाजार जिकडे गेला तिकडची वस्ती वाढली. गोसेखुर्द तर धरणामुळे देशभर माहीत झालं, 'खुर्द' असून.

नावावरून गावाबद्दल काही कळतं का?

पुष्कळ कळतं. पळसगाव, मोहगाव, हिवरा, खैरी, बेलोरा, चिंचोली, कवठा, निंभा, आमगाव, उमरी: ही नावं वाचत गेलं की एकेकाळचं जंगल डोळ्यासमोर उभं राहतं. हिवराचं झाड आता कित्येक हिवऱ्यांत औषधालाही सापडत नाही, ते सोडा.

पूर्वेकडे, भंडारा-गोंदियात, वस्तीला 'टोला' किंवा 'टोली' म्हणतात आणि लहान तळ्याला 'बोडी'. गावाच्या नावात 'बोडी' किंवा 'बांध' दिसला की समजावं, इथे कोणीतरी कधीतरी पाणी अडवलं होतं. नवेगावबांध हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महसुली यादीत 'चक' लागलेली गावं दिसतात. चक म्हणजे जमिनीचा एक सलग तुकडा. खाली अहेरी-सिरोंच्याकडे गेलं की 'पल्ली' सुरू होतात: आलापल्ली, एटापल्ली. पल्ली म्हणजे तेलुगूत गाव. गोंडी बोलणाऱ्या मुलखात डोंगराला 'मेट्टा' म्हणतात आणि तो शब्द कित्येक नावांच्या शेवटी ऐकू येतो.

म्हणून माझी एक विनंती. गडचिरोलीतल्या किंवा मेळघाटातल्या गावाच्या नावाचा अर्थ मराठीत किंवा संस्कृतात शोधू नका. तिथल्या गोंड, माडिया किंवा कोरकू माणसाला विचारा. आपल्याला जे नाव निरर्थक वाटतं ते त्याच्या भाषेत ओढा, टेकडी किंवा झाड असतं, आणि तो ते चटकन सांगतो. गोंडी नावाला ओढूनताणून ऋषी चिकटवणारे लेख वाचले की मला राग येतो.

आमच्या गावात अमुक ऋषी राहत होते, म्हणून हे नाव. हे खरं मानायचं का?

कथा म्हणून माना. मेहकर मेघंकर दैत्यावरून, रिसोड ऋषिवटावरून, लोणार लवणासुरावरून, चिखलदरा कीचकाच्या दरीवरून. भीमाने कीचकाला मारून तिथे टाकलं म्हणतात. सांगणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, त्यामुळे वाद घालून उपयोग नाही.

पण पडताळा घेता येतो. लोणारचं तळं खारट आहे. लवण म्हणजे मीठ. असुर नसता तरी नाव बसलंच असतं. चिखलदऱ्यात पावसाळ्यात एकदा जाऊन या, कीचकाशिवायही नाव पटेल.

आणि हा रोग फक्त पुराणांपुरता नाही. कामठीला १८२१ मध्ये कन्हानकाठी इंग्रजांची छावणी बसली, म्हणून 'कॅम्प टी'वरून कामठी, असं सुशिक्षित माणसंही छातीठोक सांगतात. ऐकायला झकास, पण साहेबाने कॅम्पांना अक्षरं वाटत बसून आमच्या गावांची नावं पाडली यावर माझा तरी विश्वास नाही. भंडाऱ्याचं असंच. तिथला पितळेच्या भांड्यांचा धंदा नावाजलेला, म्हणून भांड्यांवरून भंडारा असं सांगतात. पण छत्तीसगडातल्या रतनपूरच्या जुन्या शिलालेखात 'भाणारा' हे नाव आहेच. भांडी मागून आली.

उलट उदाहरणही देतो. गडचिरोलीतल्या वैरागडचं जुनं नाव वज्राकर सांगतात. वज्र म्हणजे हिरा, आकर म्हणजे खाण. हीही दंतकथाच वाटेल, पण वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या दरबारापर्यंत पोहोचली होती. इथे मी नावाच्या बाजूने.

पाटीवर आमच्या गावाचं नाव चुकीचं का लिहितात?

तीन कारणं. पहिलं इंग्रजी: वडगाव आणि वाडगाव त्या लिपीत सारखंच दिसतं. दुसरं हिंदी: रेल्वे आणि महामार्गाच्या पाट्यांवर 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो, 'गाव'वर टिंब चढतं. यवतमाळचं यवतमाल, धामणगावचं धामनगांव. तिसरं आणि सध्याचं सर्वांत त्रासाचं: मोबाइलचा नकाशा. तो इंग्रजीतून पुन्हा देवनागरी करतो. टाकळीचं तकली होतं, आणि वाट दाखवणारी बाई ते नाव अशा आवाजात घेते की गावातला माणूसही विचारतो, हे कुठं आलं?

हसण्यावारी नेऊ नका. ग्रामपंचायतीने नकाशात दुरुस्ती सुचवली तर ती होते. कोणीतरी बसून करायला हवी इतकंच.

सातबाऱ्यावर शेताचं गाव वेगळंच लिहिलंय. तिथे तर गावच नाही!

ते बहुधा रिठ गाव असेल. वस्ती उठली, मौजा (महसुली गाव) राहिला. पटकी-प्लेगने, दुष्काळाने, पाण्याने किंवा लुटालुटीने माणसं शेजारच्या गावात गेली, पण शिवार त्याच नावाने महसुलात चालू राहिलं. कागदात याला 'बेचिराग' मौजा म्हणतात, जिथे दिवा लागत नाही तो. तिथे जाऊन पाहा: एखादा पांढरीचा (जुन्या गावठाणाच्या मातीचा) उंचवटा, खापरं, उघड्यावरचा मारुती आणि भोवती तूर. वर्षातून एकदा त्या मारुतीला नारळ फोडायला येणाऱ्या घरांना विचारा. ती घरं कुठल्या गावची, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

धरणात किंवा व्याघ्र प्रकल्पात गेलेल्या गावांचं उलट असतं. जागा बदलते, नाव सोबत येतं, मागे 'पुनर्वसन' हा शब्द जोडून.

जुनं नाव शोधायचं तर कागद कुठे पाहायचे?

तुम्ही वऱ्हाडातले की नागपूरकडचे, यावर अवलंबून आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार सरकारात भरायचा. ती १९५१ मध्ये गेली. तिथे बंदोबस्ताची (सारा ठरवतानाची) मिसल, म्हणजे फाइल, आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या वहिवाटींची नोंद, पाहा. गावाच्या चालीरीती, तळी, वहिवाटी त्यात नोंदलेल्या असतात आणि शेतांची, टोल्यांची नावं ओघात येतात. तहसील किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की नक्कल मिळते. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, रयतवारीसारखी, म्हणजे शेतकऱ्याने सारा थेट सरकारात भरायची, पद्धत होती. तिथे मोजणीचे जुने नकाशे आणि भूमी अभिलेख कार्यालय कामाचं.

कागद मोडीत असेल तर घाबरू नका, वाचणारे अजून आहेत. पण अंदाजाने वाचू नका. मोडीत वेलांट्या-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो, आणि वाचणाऱ्याला जे हवं ते नाव त्यात दिसू लागतं.

शिवाय वंशावळ ठेवणारे भाट, तीर्थाच्या ठिकाणच्या बडव्या-पंड्यांच्या वह्या, जुन्या लग्नपत्रिका आणि दस्त. रिद्धपूरसारख्या ठिकाणी महानुभावांच्या पोथ्या. त्यांत ते 'ऋद्धिपूर' आहे, आणि आसपासच्या खेड्यांची सातशे वर्षांपूर्वीची नावं तिथे सहज सापडतात.

गावाचं नाव बदलून जुनं घ्यायचं आहे. काय करावं लागेल?

ग्रामसभेचा ठराव ही पहिली पायरी. तो पंचायत समिती, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त या वाटेने मंत्रालयात जातो. राज्य सरकार पुढे केंद्रीय गृह मंत्रालयाची ना-हरकत मागतं, आणि तिथे रेल्वे, टपाल खातं, सर्व्हे ऑफ इंडिया यांचं मत घेतलं जातं. गृह मंत्रालयाच्या १९५३ च्या सूचना अजून पायाला आहेत. त्यांचं सार असं: लोकांना सवय झालेलं नाव भक्कम कारणाशिवाय बदलू नये, नुसत्या स्थानिक अभिमानावर तर नाहीच, आणि नव्या नावाने आसपासच्या दुसऱ्या गावाशी घोळ होऊ नये.

म्हणून ठरावात कागदाचा पुरावा जोडा. 'म्हणतात' या शब्दावर फाइल पुढे सरकत नाही.

आणि वस्तीचं जातीवाचक नाव?

त्याचा मार्ग वेगळा आणि सोपा आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातीवाचक वस्त्यांची आणि रस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावं सुचवली. यात मला जुन्या नावाचं काडीचंही प्रेम नाही. ते नाव वस्तीने स्वतःसाठी घेतलेलं नव्हतं. ठराव करताना मात्र नवं नाव वस्तीतल्या माणसांना निवडू द्या, चावडीवर बसून इतरांनी नको. आणि ठराव झाला की कर पावती, मतदार यादी, शाळेचा दाखला, तिन्ही ठिकाणी बदल झाला का ते पाहा. नाहीतर पाटी नवी आणि दाखला जुना असं वर्षानुवर्षं राहतं.